विरोधात जाणारी गोष्ट आपल्या वकिलाला सांगावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. केस उभी राहिली आहे किंवा राहणार आहे. आपली बाजू बऱ्यापैकी भक्कम आहे, पण एक-दोन गोष्टी आपल्याच अंगावर येणाऱ्या आहेत. त्या वकिलाला सांगितल्या तर त्याचा आपल्यावरचा विश्वास उडेल का? तो केस मनापासून लढेल का? ती गोष्ट बाहेर फुटेल का? त्यापेक्षा विषयच काढला नाही तर?

माझं उत्तर आहे: सांगा, सगळं सांगा, आणि दावा, कैफियत (दाव्याला दिलेलं लेखी उत्तर) किंवा जामीन अर्ज दाखल होण्याच्या आधी सांगा. दिवाणी आणि फौजदारी अशी दोन्ही कामं करताना मी हे फार वेळा पाहिलं आहे की, वाईट वस्तुस्थिती असूनही केस सावरता येते; पण ती वस्तुस्थिती आपल्या वकिलाला भर कोर्टात, समोरच्या वकिलाच्या तोंडून कळली तर सावरायला फारसं काही हातात उरत नाही.

लपवणारा माणूस कुणापासून लपवतो आहे याचा विचार करत नाही. भावाभावांचा वाटपाचा दावा असेल तर जुनं हक्कसोडपत्र भावाला माहीत असतं, त्यावर त्याच्याच समोर सही झालेली असते. नवरा-बायकोच्या वादात दुसऱ्या बँकेतलं खातं, दुसरं सिमकार्ड, आधीचं आजारपण हे सगळं घरातल्या माणसाला ठाऊक असतं. भागीदाराला हिशोबाची दुसरी वही माहीत असते. म्हणजे ज्याच्याविरुद्ध लढायचं आहे त्याला ती गोष्ट पहिल्या दिवसापासून माहीत आहे. माहीत नसतो तो फक्त आपला वकील.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगतो, कारण हा प्रकार वारंवार समोर येतो. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) एका गृहस्थांविरुद्ध एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे त्यांच्या गैरहजेरीत कोर्टाचा निकाल, झाला होता. तो रद्द करून घ्यायला ते आले. मी विचारलं, "समन्स मिळालं होतं का?" ते म्हणाले, "नाही साहेब, मला काहीच मिळालं नाही. बेलिफ वसुलीला आला तेव्हाच कळलं." मी पुन्हा विचारलं, "घरात दुसऱ्या कुणी घेतलं असेल?" "नाही." तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ते चिडले. मी म्हटलं, "अर्जावर सही करण्याआधी मला कोर्टातून समन्सचा अहवाल पाहू द्या." रेकॉर्ड काढलं, तर त्यावर त्यांची स्वतःची सही होती, तारखेसकट.

त्यांना पुन्हा बोलावून कागद समोर ठेवला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग खरी गोष्ट बाहेर आली. समन्स मिळालं तेव्हा बायकोचं मोठं ऑपरेशन होतं, महिनाभर दवाखान्यात ये-जा सुरू होती. कागद त्यांनी एका ओळखीच्या माणसाकडे दिले. त्याने "मी वकील लावून देतो" म्हणून सांगितलं आणि पुढे काहीच केलं नाही. हे आपण निष्काळजी ठरू म्हणून त्यांनी सांगितलं नव्हतं.

आता कायदा बघा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ९, नियम १३ मध्ये एकतर्फी हुकूमनामा रद्द करायला दोन कारणं दिली आहेत. एक, समन्सची बजावणी रीतसर झाली नाही. दुसरं, पुरेशा कारणामुळे हजर राहता आलं नाही. बायकोचं ऑपरेशन आणि दवाखान्याचे कागद हे दुसऱ्या कारणात बसतं. समन्स मिळालं असेल तर मुदतीचे ३० दिवस हुकूमनाम्याच्या तारखेपासून मोजले जातात, त्यामुळे सोबत विलंबमाफीचा अर्ज करावा लागतो. तो करता येतो, आणि दवाखान्याची कागदपत्रं असतील तर नेटाने मांडताही येतो. म्हणजे त्यांची खरी हकीकत कायद्याच्या चौकटीत बसत होती आणि खोटी हकीकत पहिल्याच उलटतपासणीत कोसळणार होती. शपथेवर "समन्स मिळालं नाही" म्हणायचं, मग समोरचा वकील सही दाखवणार, "ही सही तुमची आहे का?" विचारणार, आणि "हो" म्हटल्यावर शांतपणे खाली बसणार. त्यानंतर ऑपरेशनची गोष्ट सांगितली तरी कोण विश्वास ठेवणार?

लोकांना आपली बाजू लंगडी वाटते तिथे ते खोटं घालून ती भरून काढायला जातात. कायद्यात त्या लंगड्या बाजूसाठी काय सोय आहे हे त्यांना माहीत नसतं. ते माहीत असणं हे वकिलाचं काम आहे, आणि पूर्ण हकीकत हातात आल्याशिवाय त्याला ते करता येत नाही.

फौजदारी कामात तर हे जास्तच जाणवतं. हाणामारीची केस आहे. अशील म्हणतो, "मी तिथे नव्हतोच." हे वाक्य त्याला सर्वांत सुरक्षित वाटतं. पण मोबाईलचं लोकेशन, सीसीटीव्ही, जखमी साक्षीदार यांच्यापुढे "नव्हतोच" टिकत नाही. शिवाय आपण दुसरीकडे होतो हे शाबीत करण्याची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर असते. परिस्थितीजन्य पुराव्याच्या केसमध्ये तर हा बचाव खोटा ठरला की न्यायालय तो आरोपीविरुद्धच्या साखळीतली आणखी एक कडी म्हणून धरू शकतं. आता समजा खरी हकीकत अशी होती: तो तिथे होता, समोरच्याने आधी काठी उगारली, त्याने ती हिसकावून परत मारली. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क दिला आहे. त्याच्या स्वतःच्या अंगावर जखमा असतील तर त्यांची वैद्यकीय तपासणी त्याच दिवशी व्हायला हवी, त्याची तक्रारही त्याच दिवशी नोंदवायला हवी. "मी नव्हतोच" म्हणणाऱ्या माणसाचा वकील हे काहीच करू शकत नाही. जखमा भरून येतात, साक्षीदार पांगतात, सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. सहा महिन्यांनी खरी हकीकत सांगितली तर तिला आधार द्यायला हातात काही राहिलेलं नसतं. पुढे न्यायालयाला रेकॉर्डवरून स्वसंरक्षणाचा विचार करता येतो हे खरं, पण ते रेकॉर्ड तयार करण्याची वेळ गेलेली असते.

फिर्यादीच्या बाजूने असलेल्यांनाही हेच लागू आहे. चेक न वटल्याच्या केसमध्ये अशील चेक, बँकेचा परतीचा मेमो घेऊन येतो आणि सांगतो, "पूर्ण रक्कम येणं आहे." नोटीस पाठवायला बँकेकडून कळल्यापासून ३० दिवस असतात, नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पैसे द्यायला १५ दिवस, आणि त्यानंतर महिन्याच्या आत तक्रार. सगळं घाईचं असतं. मी प्रत्येक वेळी एकच प्रश्न खोदून विचारतो: चेक घेतल्यानंतर त्याने मधे काही पैसे दिले का? रोख, ऑनलाइन, कुणाच्या हस्ते, कितीही थोडे? उत्तर बहुधा "नाही" येतं, कारण अशिलाला वाटतं की ते पैसे व्याजाचे होते किंवा वेगळ्या व्यवहाराचे होते. ते ठरवण्याचा निर्णय त्याने परस्पर घेऊन टाकलेला असतो. दशरथभाई पटेल विरुद्ध हितेश पटेल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०२२ रोजी हे स्पष्ट केलं आहे. चेक दिल्यानंतर काही रक्कम परत आली असेल तर चेकवर तशी नोंद करून उरलेल्या रकमेपुरताच तो वटवायला टाकायला हवा. तसं न करता पूर्ण रकमेसाठी टाकला, तर ती रक्कम त्या दिवशी कायद्याने येणं नसते आणि चेक न वटल्याचा, म्हणजे चलनक्षम दस्तऐवज कायद्याच्या कलम १३८ चा, गुन्हाच होत नाही. म्हणजे मोठी रक्कम खरोखर येणं असताना, मधे आलेले थोडे पैसे सांगितले नाहीत म्हणून अख्खी फौजदारी तक्रार जाऊ शकते. हीच गोष्ट चेक बँकेत टाकायच्या आधी कळली असती तर मागच्या बाजूला दोन ओळींची नोंद करून काम झालं असतं.

जमीनजुमल्याच्या वादात लपवलेल्या कागदाचं काय होतं, याचं सर्वांत जास्त सांगितलं जाणारं उदाहरण म्हणजे एस. पी. चेंगलवराय नायडू विरुद्ध जगन्नाथ हा १९९३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. तिथे वादीने कोर्टाच्या लिलावात मालमत्ता घेतली होती ती आपल्या मालकासाठी, आणि १९४५ मध्ये मालकाच्या नावे हक्कसोडपत्रही करून दिलं होतं. पुढे त्याच मालमत्तेत वाटप मागताना त्याने या कागदाचा उल्लेखच केला नाही. त्याला प्राथमिक हुकूमनामा मिळालाही. पण सर्वोच्च न्यायालयाने महत्त्वाचा कागद दडवणं ही न्यायालयाची फसवणूक आहे असं म्हटलं आणि फसवणुकीने मिळवलेला हुकूमनामा शून्यवत ठरवला. जिंकलेली केस इतक्या वर्षांनी अशी जाते. वाटपाच्या, मनाई हुकुमाच्या, ताब्याच्या कामात म्हणूनच मी अशिलाला विचारतो की, या मिळकतीवर आजवर कुणी कुठे सही केली आहे? साठेखत, कुलमुखत्यारपत्र, बँकेचं गहाणखत, घरगुती वाटणीचा साधा कागद, काहीही. "तो कागद नोंदवलेला नाही, त्याला काही किंमत नाही" हे मला सांगू नका, कागद दाखवा. किंमत आहे की नाही ते मी बघतो.

पोटगीच्या कामात तर आता लपवायला जागाच राहिलेली नाही. रजनेश विरुद्ध नेहा या ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालापासून दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं सविस्तर प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. त्यात खोटं आढळलं तर शपथेवर खोटं बोलल्याची कारवाई होऊ शकते. नवरा पगार कमी दाखवतो, बायको नोकरीच लपवते, दोन्ही प्रकार मी पाहिले आहेत. समोरची बाजू अर्ज देऊन पगारपत्रक मागवते, बँकेचा उतारा मागवते, आणि आकडा समोर येतो. मग न्यायाधीश फक्त तो आकडा दुरुस्त करून थांबत नाहीत. त्या माणसाच्या बाकीच्या प्रत्येक म्हणण्याकडे त्याच नजरेने बघितलं जातं. मुलाचा ताबा त्याच कोर्टात मागायचा असेल तर हे फार महागात पडतं. खरा आकडा आधी सांगितला असता तर घरकर्जाचा हप्ता, आईवडिलांचं औषधपाणी, मुलांची फी हे सगळं त्याच प्रतिज्ञापत्रात मांडून रक्कम वाजवी पातळीवर आणता आली असती.

जामिनाच्या बाबतीत एक वेगळी चूक होते. आधीच्या कोर्टात अर्ज फेटाळला गेला होता, किंवा दुसऱ्या जिल्ह्यात आणखी एक गुन्हा दाखल आहे, हे नव्या वकिलाला सांगितलं जात नाही. कुशा दुरुका विरुद्ध ओडिशा राज्य या जानेवारी २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं आहे की, जामीन अर्जात आधीच्या सगळ्या अर्जांची आणि त्यांवरच्या आदेशांची माहिती दिलीच पाहिजे. सरकारी वकिलाकडे ती माहिती असतेच. ती त्यांच्याकडून आली की मिळू शकणारा जामीनही हातचा जातो.

आता भीतीकडे येऊ. "साहेब, हे बाहेर तर जाणार नाही ना?" हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर कायद्यात आहे. पूर्वी भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या कलम १२६ ते १२९ मध्ये ते होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ लागू झाला, त्यात कलम १३२ ते १३४ मध्ये आहे. अशिलाने वकील म्हणून आपल्याला सांगितलेली गोष्ट, त्या कामात पाहिलेला कागद, दिलेला सल्ला हे वकील अशिलाच्या स्पष्ट संमतीशिवाय उघड करू शकत नाही. काम संपल्यानंतरही हे बंधन सुटत नाही. वकिलाचे कारकून, कर्मचारी, दुभाषी यांनाही ते लागू आहे. अशील स्वतः साक्षीला उभा राहिला म्हणून ही गोपनीयता त्याने सोडून दिली असंही होत नाही. मात्र साक्ष देताना त्याने जे सांगितलं त्याचा खुलासा व्हावा म्हणून न्यायालयाला गरज वाटली, तर तेवढ्यापुरतं त्याला विचारलं जाऊ शकतं.

गेल्या काही काळात तपास यंत्रणांनी आरोपींच्या वकिलांनाच समन्स पाठवण्याचे प्रकार झाले आणि त्यामुळे ही भीती वाढली. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी निकाल दिला. आरोपीच्या वकिलाला केसची माहिती काढायला तपास अधिकारी समन्स पाठवू शकत नाही. कलम १३२ च्या अपवादात (ते अपवाद पुढे सांगतो) बाब बसत असेल तरच पाठवता येईल, तेही कोणत्या कारणाने हे समन्समध्ये लिहून आणि किमान पोलीस अधीक्षक दर्जाच्या वरिष्ठाच्या संमतीने. त्याच निकालात हेही आलं आहे की, कंपनीत पगारावर असलेल्या कायदा अधिकाऱ्याला कलम १३२ चं हे संरक्षण मिळत नाही. कंपनीतल्या लोकांनी हे लक्षात ठेवावं. नाजूक बाब असेल तर बाहेरच्या, प्रत्यक्ष वकिली करणाऱ्या वकिलाशी बोलावं.

या गोपनीयतेची सीमा नीट समजून घ्या, कारण नेमका तिथेच लोकांचा गोंधळ होतो. कायद्यात खुद्द उदाहरणंच दिली आहेत. अशील वकिलाला म्हणतो, "मी खोटा दस्त केला आहे, माझा बचाव करा." हे संभाषण गुप्त राहतं, कारण दोषी माणसाचा बचाव करणं हा गुन्हेगारी हेतू नाही. पण अशील म्हणतो, "या खोट्या दस्तावर मला मिळकतीचा ताबा मिळवायचा आहे, दावा लावून द्या." याला संरक्षण नाही. झालेल्या गोष्टीबद्दल सांगणं आणि पुढे करायच्या गुन्ह्यात वकिलाची मदत मागणं यांत कायदा फरक करतो. तिसरं उदाहरण हिशोबाच्या वहीचं आहे. अफरातफरीच्या केसमध्ये वकिलाला वहीत एक अशी नोंद दिसते जी त्याने काम घेतलं तेव्हा तिथे नव्हती. ही गोष्टही गुप्त राहत नाही. म्हणून केस सुरू झाल्यावर कागदात खाडाखोड, चॅट पुसणं, मागच्या तारखेची पावती बनवणं असलं काही करू नका. पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा आहे आणि त्यात वकिलाची गोपनीयता तुम्हाला वाचवत नाही. मूळ दस्त वकिलाच्या कपाटात ठेवला म्हणून तो न्यायालयाच्या आवाक्याबाहेर जातो हाही गैरसमज आहे. न्यायालय तो हजर करायला सांगू शकतं.

मग पुढचा प्रश्न येतोच: "मी गुन्हा केला आहे असं सांगितलं तर वकील माझी केस सोडेल का?" बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियम स्पष्ट आहेत. आरोपी दोषी आहे की नाही याबद्दल वकिलाचं वैयक्तिक मत काहीही असलं, तरी त्याने बचाव करायचा आहे, कारण पुरेशा पुराव्याशिवाय कुणालाही शिक्षा होऊ नये. सरकार पक्षाचा पुरावा तपासणं, साक्षीदाराची उलटतपासणी घेणं, पंचनाम्यातली विसंगती दाखवणं, शिक्षा कमी व्हावी म्हणून मांडणी करणं हे सगळं तो करू शकतो. तुम्ही खरं सांगितल्यावर जे तो करणार नाही ते एवढंच: तुम्हाला खोटी साक्ष देण्यासाठी उभं करणं, खोटे साक्षीदार आणणं, खोटा कागद दाखल करणं. ते त्याने तसंही करायचं नसतंच.

काही वकील अशिलाला सांगतात, "मला खरं काय घडलं ते सांगू नका, कागद द्या, मी बघतो." मला ही पद्धत मान्य नाही. अशाने वकिलाचे हात मोकळे राहतात असं म्हणतात, पण प्रत्यक्षात त्याला कोणता प्रश्न विचारायचा आणि कोणता मुळीच विचारायचा नाही हेच कळत नाही. उलटतपासणीत चुकीच्या साक्षीदाराला चुकीचा प्रश्न विचारला की जे रेकॉर्डवर नव्हतं तेही येऊन बसतं. आपल्या अशिलाची खरी अडचण माहीत असलेला वकील त्या दाराजवळ जातच नाही.

आता सांगायचं कसं, कारण बऱ्याच जणांची सांगायची तयारी असते, जमत नाही. पहिल्या भेटीला लोक काका, मेहुणे, शेजारी असे चारजण घेऊन येतात. त्यांच्यासमोर माणूस खरं बोलत नाही आणि बोलू पण नये. वकिलावर गोपनीयतेचं बंधन आहे, मेहुण्यावर नाही. उद्या नात्यात बिनसलं तर तोच मेहुणा समोरच्या बाजूचा साक्षीदार होऊ शकतो. निदान अर्धा तास एकट्याने बोला. मी स्वतः सोबतच्या मंडळींना बाहेर बसायला सांगतो, आणि बऱ्याचदा दार लागल्यावर पहिलं वाक्य येतं, "साहेब, आत्ता जे बोललो त्यात थोडं वेगळं आहे."

घरी बसून घटनाक्रम स्वतःच्या हाताने लिहून काढा. वर "माझ्या वकिलाच्या सल्ल्यासाठी" असं लिहा, आणि तो कागद दुसऱ्या कुणाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. तारीख नक्की आठवत नसेल तर "आठवत नाही" असं लिहा. अंदाजाने घातलेली तारीख पुढे प्रतिज्ञापत्रात जाते, आणि मुदतीचा प्रश्न असेल तर एका तारखेवर दावा बुडतो. मग त्या लिखाणाच्या शेवटी समोरच्या माणसाच्या जागी बसून लिहा: त्याचा वकील मला कोणते प्रश्न विचारेल? कोणता कागद दाखवेल? कोणाला साक्षीला आणेल? लाज वाटते अशा गोष्टी इथेच बाहेर येतात: दारू, परस्त्री किंवा परपुरुष, मानसिक आजारावरचे उपचार, जुगारातलं कर्ज, आधी झालेली तडजोड. वकिलाला यातलं काहीही नवीन नसतं. तो तुमचं चारित्र्य तपासायला बसलेला नाही, ही गोष्ट केसमध्ये कुठून येऊ शकते एवढंच तो बघतो. कित्येकदा तो सांगतो की हिचा या कामाशी संबंधच नाही, आणि तुमचा कित्येक दिवसांचा घोर तिथेच संपतो.

वकिलाने अडचणीचे प्रश्न विचारले की "तुम्ही आमच्या बाजूचे आहात की त्यांच्या?" असं विचारू नका. कार्यालयात तुमची कडक उलटतपासणी घेणारा वकील तुमचं काम मनापासून करतो आहे. जो काही न विचारता "होऊन जाईल" म्हणतो, त्याच्याबद्दल मला जास्त काळजी वाटते. तुमचं मत विचारात घेऊन, पण तुम्हाला नको असलेला सल्लाही कडक प्रश्न विचारणारा वकील देईल: तडजोड करा, दावा लावू नका, अमुक मागणी सोडा. खरं ऐकून दिलेला असा सल्ला पाळण्यासारखा असतो.

आणि ज्यांनी आधीच काही लपवलं आहे त्यांच्यासाठी. पुढच्या तारखेची वाट बघू नका, आज फोन करून वेळ घ्या. केस कोणत्या टप्प्यावर आहे यावर बरंच अवलंबून आहे. कैफियत अजून दाखल व्हायची असेल तर फारसं बिघडलेलं नाही. समन्स मिळाल्यापासून ३० दिवस आणि न्यायालयाने मुदत दिली तर ९० दिवसांपर्यंत ती देता येते. दाखल झाली असेल, पण पुरावा सुरू झाला नसेल, तर आदेश ६, नियम १७ खाली दुरुस्ती अर्ज करता येतो. एकदा पुरावा सुरू झाला की दुरुस्ती अवघड होते, कारण योग्य ती काळजी घेऊनही हे आधी मांडता आलं नसतं असं न्यायालयाला पटवावं लागतं, आणि जे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं त्याबद्दल हे पटवणं जवळपास अशक्य असतं. शपथेवर खोटं विधान आधीच गेलं असेल तर तेही वकिलाला सांगा. न्यायिक कामात खोटा पुरावा देण्यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम २२९ मध्ये सात वर्षांपर्यंत कैद आहे. समोरच्याने ते उघड करण्याआधी आपण स्वतः दुरुस्त केलं तर न्यायालय त्याकडे वेगळ्या नजरेने बघण्याची शक्यता असते. कुठे विधान मागे घ्यायचं, कुठे जास्तीचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, कुठे ती मागणीच सोडून द्यायची, हे त्यानंतर दोघांनी बसून ठरवता येतं.

हे ऐकून वकिलाने काम सोडायचं ठरवलं, असं क्वचित होतं. त्याने तसं केलं तरी पुरेसं कारण आणि पुरेशी आगाऊ सूचना द्यावी लागते, आणि फीचा वाद असला तरी तुमची फाईल तो अडवून ठेवू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगितलं आहे. तुम्ही त्याला जे सांगितलं ते त्याच्याजवळच राहतं. नव्या वकिलाकडे गेल्यावर मात्र जुन्या वकिलाला शेवटी जी खरी हकीकत सांगितली होती तीच पहिल्या भेटीत सांगा, आणि आधीच्या कामात काय-काय दाखल झालं आहे त्याच्या प्रमाणित नकला काढून सोबत घेऊन जा.